यंत्राची परीक्षा, नजरेला सूट : क्ष-किरण केंद्रांच्या नियमग्रंथांचे एक वाचन

भिवंडीत एक्स-रेला आजही 'फोटो' म्हणतात. छातीचा फोटो, गुडघ्याचा फोटो, मानेचा फोटो. डॉक्टर चिठ्ठी देतात, माणूस कल्याण नाक्याला किंवा धामणकर नाक्याला जाऊन फोटो काढून आणतो आणि मग ते मोठे पाकीट लोखंडी कपाटाच्या डोक्यावर, लाइटबिलांच्या पिशवीशेजारी वर्षानुवर्षे पडून राहते. शब्द बोलायला सोपा आहे, पण त्याच्याबरोबर एक समजूतही येते. लग्नाच्या फोटोत नवरदेव कोण हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. छातीच्या फोटोचे तसे नाही. तिथे कुणीतरी बसून वाचावे लागते, पांढऱ्यातला कोणता पांढरा रोगाचा आणि कोणता हाडाचा हे ठरवावे लागते, आणि ते वाचन चुकू शकते.

मी वैद्यकातला नाही. मजकूर वाचणे आणि त्यात काय म्हटले आहे, काय म्हणायचे टाळले आहे हे पाहणे, एवढेच माझे काम. हा लेख त्याच सवयीने लिहिला आहे. आपल्याकडे एक्स-रे, सिटी स्कॅन, सोनोग्राफी यांची केंद्रे ज्या कागदांनुसार चालतात किंवा चालायला हवीत, ते कागद मी मजकूर म्हणून वाचले: अणुऊर्जा नियामक मंडळाची २०१६ ची सुरक्षा संहिता, रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या 'एनएबीएच'ची मानके, गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यातला 'फॉर्म एफ', आणि करोनाच्या पहिल्या वर्षी राज्य सरकारने काढलेला सिटी स्कॅनच्या दरांचा आदेश. या साऱ्यांमध्ये एक पात्र जवळपास कुठेच येत नाही, ते म्हणजे फोटो वाचणारी नजर.

वाचायला बसण्याचे कारण घरचे आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझे मामा इथल्या एका सायझिंगमध्ये कामाला होते. महिनाभर खोकला गेला नाही म्हणून डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितले. केंद्र कोणते ते इथे महत्त्वाचे नाही. तसली केंद्रे गावोगावी आहेत. फोटोबरोबर दोन ओळींचा रिपोर्ट आला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग, पुढे 'कॉक्स' आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह, आणि शेवटी 'क्लिनिकली कोरिलेट करावे'. खाली शिक्का होता, पण सहीवरून नाव लागत नव्हते. थुंकीत काही सापडले नाही. तरी औषधे सुरू झाली. लघवी केशरी होऊ लागली, जेवण जाईना, आणि आठवड्याभरात सायझिंगमध्ये बातमी पोचून मालकाने 'बरे झालात की या' असे सांगितले. दोन महिन्यांनी ठाण्याच्या एका वयस्कर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "मामा, जुना फोटो आहे का एखादा?" होता. ट्रंकेच्या तळाशी, गुंडाळून दोरा बांधलेला, तरुणपणी झालेल्या क्षयाच्या वेळचा. तोच डाग, त्याच जागी, तेवढाच. भरून आलेल्या जखमेचा वण. औषधे थांबली. सायझिंगमधली जागा मात्र तोवर दुसऱ्याला गेली होती.

त्या दोन ओळींकडे मी पुष्कळ दिवस परत परत गेलो. 'कॉक्स' हा रॉबर्ट कॉखच्या नावावरून आलेला, क्षयरोग हा शब्द रुग्णासमोर उच्चारू नये म्हणून डॉक्टरांनी वापरायचा आडशब्द. प्रश्नचिन्ह म्हणजे मी म्हणत नाही, पण म्हटलेही आहे. 'क्लिनिकली कोरिलेट करावे' या वाक्याला कर्ता नाही. कुणी करावे, कशाशी, आणि जुळले नाही तर काय, याची जबाबदारी कुणावरच पडत नाही. मराठीत आपण सरकारी पत्रांच्या भाषेची चेष्टा करतो. पण 'उचित कार्यवाही व्हावी' आणि 'क्लिनिकली कोरिलेट करावे' ही एकाच घराण्यातली वाक्ये आहेत. अर्थात सावध लिहिण्यात दोष नाही. सावली पाहून रोगाचे नाव ठामपणे सांगणे हाच अनेकदा खोटेपणा ठरतो. दोष इतकाच की त्या रिपोर्टात वाचणाऱ्याने काय पाहिले, कशाशी ताडले आणि किती खात्रीने म्हटले यांपैकी काहीही उरले नव्हते. जुना फोटो आहे का, हा प्रश्न विचारणेही कुणाचे काम ठरलेले नव्हते.

आता संहितेकडे येतो. अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झाले. त्याचे कार्यालय मुंबईत अणुशक्तिनगरला, नियामक भवनात; भिवंडीहून मुंबईला जाणाऱ्या कुणालाही ती काही परमुलुखातली जागा नव्हे. निदानासाठीच्या एक्स-रे यंत्रांची निर्मिती, पुरवठा आणि वापर यांविषयीची सुरक्षा संहिता याच मंडळाची. सिटी स्कॅनला परवाना लागतो, साध्या एक्स-रे यंत्राला नोंदणी, आणि हे सगळे 'ई-लोरा' नावाच्या संगणकीय व्यवस्थेतून होते. संहिता मूळ इंग्रजीत आहे, आणि तिच्याविषयी पहिली गोष्ट सांगायची तर ती चांगली लिहिलेली आहे. तिला काय हवे ते तिला नीट ठाऊक आहे. खोली कशी असावी, भिंत किती जाड (नेहमीच्या खोलीला नऊ इंची विटेची भिंत पुरते), दाराला शिशाचा पत्रा, कर्मचाऱ्याच्या छातीवर किरणांची मात्रा मोजणारा बिल्ला, तो ठराविक मुदतीने प्रयोगशाळेत पाठवणे. किरणांशी काम करणाऱ्याला वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्ट, तीही पाच वर्षांवर पसरून, आणि कोणत्याही एका वर्षी ३० पेक्षा अधिक नाही. बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला वर्षाला १. छातीच्या एका साध्या फोटोत रुग्णाला मिळणारी मात्रा याच्या कितीतरी खाली, ०.०२ च्या आसपास असते, हे लक्षात घेतले की या आकड्यांचा अंदाज येतो.

मग यंत्राची गुणवत्ता चाचणी येते, निदान दोन वर्षांतून एकदा. मंडळाने मान्यता दिलेल्या संस्थेचा माणूस पेटी घेऊन येतो. नळीला ८० किलोव्होल्ट मागितले तर खरोखर किती मिळतात हे पाहतो. पाचपेक्षा अधिक फरक चालत नाही. प्रकाशाची चौकट जिथे पडते तिथेच किरण पडतात का, घड्याळ सेकंदाचा जो भाग दाखवते तेवढाच वेळ किरण सुटतात का, तेच बटण पुन्हा पुन्हा दाबले तर तेवढेच किरण येतात का, नळीच्या आवरणातून गळती किती, हे सगळे मोजतो. भिवंडीकराला यातली पहिली चाचणी विशेष कळते. लाखांनी यंत्रमाग एकाच वेळी खडखडणाऱ्या गावात विजेचा दाब ही काय चीज आहे ते आम्हाला शिकवावे लागत नाही. २६ जानेवारी २००७ पासून इथले वीजवितरण खासगी कंपनीकडे गेले, देशातला तो तसला पहिला प्रयोग. त्याआधीच्या दिवसांत दिवा पिवळा पडला की एक्स-रेवाला 'जरा थांबा' म्हणायचा आणि दिवा उजळला की बटण दाबायचा. नवी यंत्रे दाबातले चढउतार पुष्कळसे स्वतःच सावरून घेतात, जुनी घेत नाहीत. चाचणी मात्र दोन वर्षांतल्या एका दुपारची असते, आणि चाचणी करणाऱ्याचे पैसे देतो तो केंद्राचा मालकच. ही शंका मी कुणावर घेत नाही. पण हिशेब तपासणाऱ्याला हिशेबवाल्यानेच नेमायचे, या पद्धतीचे गुणदोष आपण इतर धंद्यांत पाहिलेले आहेत.

संहिता चांगली असणे आणि ती केंद्रापर्यंत पोचणे या वेगळ्या गोष्टी. ऑगस्ट २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांचा या मंडळाच्या कामावरचा अहवाल संसदेत आला. देशातल्या ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे यंत्रांपैकी फक्त ५,२७० मंडळाकडे नोंदलेली होती; उरलेली ५२,१७३, म्हणजे शंभरातली ९१, नोंदणीविना चालू होती. प्रत्येक राज्यात किरण सुरक्षेचे संचालनालय हवे असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सांगितले होते. अकरा वर्षांनी ते दोनच राज्यांत होते, केरळ आणि मिझोरम. महाराष्ट्र, ज्याच्या राजधानीत ते मंडळ बसते, त्या दोनांत नव्हता. पुढे ई-लोरामुळे नोंदणी खूप वाढली, आणि आज नवे यंत्र विकत घेणाऱ्याला मंडळाला वगळून जाणे अवघड आहे. ही सुधारणा खरी आहे आणि तिचे श्रेय द्यायला हवे.

माझा आक्षेप संहितेतल्या कोणत्याही कलमावर नाही. तिचे क्षेत्र किरणांपासून संरक्षण हे आहे आणि ते ती सांभाळते. यंत्र चालवणाऱ्याची पात्रता ती विचारते, जबाबदार डॉक्टर कोण हेही विचारते. त्या डॉक्टरने मागल्या वर्षी वाचलेल्या फोटोंपैकी किती बरोबर निघाले हे ती विचारत नाही, कारण ते तिचे काम नव्हे. अडचण अशी की सक्तीचे म्हणून जे काही आहे त्यात हे दुसऱ्या कुणाचेही काम नाही. मामांचे यंत्र संहितेच्या सगळ्या चाचण्यांत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले असते. फोटो स्वच्छ होता. मी तो आजही खिडकीशी धरून पाहतो तेव्हा बरगड्या मोजता येतात.

यंत्र आणि नजर यांतली मोठी चूक कुणाची, या प्रश्नाचा निकाल खरे तर पाऊणशे वर्षांपूर्वी लागला आहे, आणि तोही क्षयाच्याच फोटोंवर. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हजारो माजी सैनिकांच्या छातीची तपासणी करायची होती. लहान फिल्म स्वस्त, मोठी महाग. कोणती पुरेल हे ठरवण्यासाठी बर्केलो, येरुशाल्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाराशेहून अधिक लोकांचे प्रत्येकी चार प्रकारच्या फिल्मवर फोटो काढले आणि पाच अनुभवी तज्ज्ञांना स्वतंत्रपणे वाचायला दिले. निष्कर्ष १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले. फिल्म-फिल्ममधला फरक होता, पण वाचणाऱ्या-वाचणाऱ्यामधला फरक त्याहून मोठा निघाला. आणि त्याच तज्ज्ञाला तेच फोटो काही महिन्यांनी पुन्हा दिले तेव्हा तो स्वतःशीही सहमत होईना. पुढच्या अभ्यासांतून जे ढोबळ प्रमाण मान्य झाले ते असे: दोघांपैकी एकाने तरी रोग आहे म्हटलेल्या फोटोंपैकी सुमारे एकतृतीयांश फोटोंत दुसरा नाही म्हणतो, आणि एकच माणूस दुसऱ्या वाचनात सुमारे एकपंचमांश वेळा आपलेच मत फिरवतो. हे अडाणी लोक नव्हते, त्या देशातले निवडक तज्ज्ञ होते. मोजायला निघाले होते फिल्म. मोजली गेली नजर. तेव्हापासून 'दोघांनी स्वतंत्रपणे वाचावे' ही पद्धत मोठ्या तपासण्यांत रूढ झाली.

कवितेच्या समीक्षेत दोघांचे दोन अर्थ निघाले तर आपण त्याला कवितेची श्रीमंती म्हणतो. फुप्फुसाच्या बाबतीत तो चैनीचा विषय नाही.

आपल्या देशाने हा धडा वेगळ्या वाटेने घेतला होता. १९५५ ते ५८ या काळात क्षयाची पहिली राष्ट्रीय पाहणी झाली ती फिरत्या गाड्यांतल्या लहान फिल्मच्या एक्स-रेवर. १९५९ मध्ये बंगळूरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली आणि तिथल्या संशोधकांनी, त्यांत डी. बॅनर्जी यांचे नाव आवर्जून घ्यायला हवे, दाखवून दिले की क्षय झालेल्यांपैकी बहुतेकांना लक्षणे जाणवतात आणि पुष्कळजण आपणहून दवाखान्याची पायरी चढतात. तिथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवले जाते. म्हणून १९६२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात भर थुंकीच्या तपासणीवर आला. सूक्ष्मदर्शक स्वस्त, आणि काचेवर जंतू दिसला तर तो दिसला. शिवाय थुंकीच्या काचांची फेरतपासणी करायची पद्धत पुढे कार्यक्रमात बसली: एकाने वाचलेल्या काही काचा दुसऱ्याने पुन्हा वाचायच्या. म्हणजे वाचणाऱ्या नजरेवर नजर ठेवण्याची कल्पना आपल्या सरकारी यंत्रणेला परकी नाही. ती थुंकीच्या काचेपर्यंत आली आणि फोटोच्या दाराशी थांबली.

आता फोटो पुन्हा मध्यावर आला आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत असे निघाले की फक्त लक्षणे विचारली असती, एक्स-रे काढला नसता, तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के निसटले असते. हा आकडा मोठा आहे आणि मामांच्या अनुभवावरून कुणी 'फोटो काढूच नये' असा अर्थ काढला तर त्याने तो आधी वाचावा. भिवंडीसारख्या ठिकाणी, जिथे २०११ च्या जनगणनेतच सात लाखांवर माणसे होती, जिथे मागावरचा कामगार चार-सहा जणांबरोबर एका खोलीत पाळीपाळीने झोपतो आणि गावी गेला की त्याचे औषध तुटते, तिथे लवकर काढलेला फोटो जीव वाचवतो. म्हणूनच तो कोण वाचतो हा प्रश्न इथे ठाण्या-पुण्यापेक्षा जड आहे. तिकडचा माणूस दुसरे मत घ्यायला दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. इथल्या माणसाचा एक दिवसाचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली.

वाचनाचा विचार करणारा कागद आहे तो एनएबीएचचा. भारतीय गुणवत्ता परिषदेखालचे हे मंडळ रुग्णालयांना मानांकन देते आणि वैद्यकीय प्रतिमांकन सेवांसाठीही त्याचा वेगळा कार्यक्रम आहे. रुग्णालयांसाठीच्या त्याच्या गुणवत्ता निर्देशकांत दर हजार तपासण्यांमागे रिपोर्टमधल्या चुका किती, रोगाच्या प्रत्यक्ष निदानाशी जुळलेले रिपोर्ट किती, अशा नोंदी ठेवायला सांगितल्या गेल्या. हे वाचले तेव्हा मी जरा सरसावून बसलो, कारण मामांच्या रिपोर्टातल्या त्या कर्ताहीन वाक्याला इथे कर्ता मिळतो. 'कोरिलेट करावे' असे लिहून सोडायचे नाही. जुळले की नाही ते केंद्रानेच मागे जाऊन पाहायचे.

पण दोन गोष्टी अडतात. चुका मोजायच्या त्या ज्याच्या त्यानेच. ज्या केंद्रात चूक शोधण्याची दानतच नाही तिथे हजारी चुका शून्य निघणार, आणि जिथे प्रामाणिकपणे शोधतात तिथे आकडा वाईट दिसणार. दुसरी गोष्ट अधिक मोठी. हे मानांकन ऐच्छिक आहे. ते घेतो कोण? ज्याला विमा कंपन्यांचे रुग्ण हवेत, ज्याच्याकडे कागद सांभाळायला वेगळा माणूस आहे, तो. नाक्यावरच्या दोन गाळ्यांच्या केंद्राला त्यातून काही मिळत नाही आणि न घेतल्याने काही जातही नाही. महाराष्ट्राचा शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ चा. तो खाटा असलेल्या दवाखान्यांचा विचार करतो, आणि एक्स-रे केंद्रात खाट नसते, फार तर टेबल असते. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा, ज्यात निदान केंद्रेही येतात, महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. तेव्हा जे सक्तीचे आहे ते नजरेबद्दल बोलत नाही आणि जे नजरेबद्दल बोलते ते सक्तीचे नाही.

पॅथॉलॉजीत निदान हा वाद तरी लढला गेला. प्रयोगशाळेच्या रिपोर्टावर सही कुणाची, यावर महाराष्ट्रातल्या पॅथॉलॉजिस्टांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या, आणि डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पात्र डॉक्टरचीच हवी असे म्हटले. फोटोच्या बाबतीत तेवढी ओरडही ऐकू आली नाही. उलट आता फोटो निघतो एका गावात आणि वाचला जातो शंभर-दोनशे कोसांवरच्या शहरात, संगणकाच्या पडद्यावर. यात वाईट काही नाही. तालुक्याला रेडिओलॉजिस्ट मिळत नसेल तर हाच उपाय. मात्र दूरच्या वाचणाऱ्याला जुना फोटो दिसत नाही, माणूस दिसत नाही, आणि चूक झाली तर ती त्याला कधी कळतही नाही.

सक्ती केली तर काय होते याचे उदाहरण अमेरिकेतल्या स्तनांच्या एक्स-रेचे आहे. तिथे १९९२ मध्ये कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९९४ पासून मानांकन नसलेल्या केंद्राला हा फोटो काढण्याचीच बंदी झाली. यंत्राची चाचणी तर आहेच. शिवाय केंद्राने काढलेले प्रत्यक्ष रुग्णांचे फोटो मानांकन देणारे लोक तपासतात. वाचणाऱ्या डॉक्टरने दोन वर्षांत निदान ९६० फोटो वाचलेले असावे लागतात. रोग असावा असे ज्यांच्याबद्दल म्हटले त्यांचे पुढे काय झाले हे केंद्राला शोधून ठेवावे लागते. १९९८ च्या दुरुस्तीने आणखी एक सुंदर गोष्ट आली: निकाल रुग्ण स्त्रीला साध्या भाषेत लिहून कळवायचा. 'कोरिलेट' वगैरे डॉक्टरला लिहा, तिला तिच्या भाषेत लिहा. खाणकामगारांच्या फुप्फुसांचे फोटो वाचणाऱ्यांसाठी तर त्याच देशात १९७० च्या दशकापासून वेगळी परीक्षा आहे. नमुन्याच्या फोटोंशी ताडून श्रेणी द्यायची, आणि काही वर्षांनी पुन्हा परीक्षेला बसायचे. डॉक्टरला पुन्हा परीक्षेला बसवायचे ही कल्पना आपल्याकडे अपमानाची वाटेल. बस चालवणाऱ्याचे डोळे आपण ठराविक वर्षांनी तपासतो तेव्हा त्यात त्याचा अपमान कुणाला दिसत नाही.

फॉर्म एफबद्दल थोडक्यात. सोनोग्राफीत किरणोत्सार नाही, म्हणून ती अणुऊर्जा मंडळाकडे नाही. ती आहे गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याकडे. महाराष्ट्राने असा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला, आणि आज सोनोग्राफीच्या खोलीइतकी कागदांनी बांधलेली खोली आपल्या आरोग्यव्यवस्थेत दुसरी नसेल. फॉर्म एफमधला रकाना रिकामा राहिला तर यंत्राला सील लागू शकते. डॉक्टरांनी त्याविरुद्ध संप केले, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नोंदी म्हणजे किरकोळ कारकुनी नव्हे असे ठणकावले. ते योग्यच झाले. मुली वाचवायच्या तर हे हवेच. फक्त या एका फॉर्मने हे सिद्ध होते की आपल्याला हवे असेल तेव्हा गल्लीतल्या शेवटच्या केंद्राकडूनही आपण कागद भरून घेऊ शकतो. 'लहान केंद्रांना हे जमणार नाही' हा आक्षेप त्यानंतर टिकत नाही.

आणि सरकारला प्रतिमेची गुणवत्ता म्हणजे काय वाटते, हे पाहायचे तर सप्टेंबर २०२० चा आदेश वाचावा. करोनात छातीच्या सिटी स्कॅनसाठी मन मानेल तसे पैसे घेतले जात होते. राज्याने दर बांधून दिले: १६ स्लाइसपेक्षा कमी क्षमतेच्या यंत्राला २,०००, १६ ते ६४ ला २,५००, त्यावर ३,००० रुपये. आदेश लोकांच्या बाजूचा होता, त्याने घरोघरी पैसे वाचले. मजकूर म्हणून पाहता मात्र त्यात दर्जाची एकच खूण आहे, यंत्राची स्लाइस. जणू साडीची किंमत मागाच्या वयावर ठरावी. त्या महिन्यांत पंचवीसपैकी किती 'स्कोअर' आला हे लोक परीक्षेच्या गुणांसारखे एकमेकांना फोनवर सांगत होते, लक्षणे नसलेलेही हौसेने स्कॅन काढून घेत होते. मे २०२१ मध्ये 'एम्स'च्या संचालकांनी एक सिटी म्हणजे तीन-चारशे एक्स-रे असे म्हटले तेव्हा रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने ती तुलना जुनाट म्हणून खोडली. नव्या यंत्रांत मात्रा खूप कमी लागते हे त्यांचे म्हणणे होते. पण कमी मात्रेत स्कॅन करणारे केंद्र आणि जास्त मात्रेत करणारे केंद्र यांना त्या दरपत्रकात पैसे सारखेच होते.

मागणी काय करावी, याबद्दल मला फार मोठे सुचत नाही. रिपोर्टावर वाचणाऱ्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक वाचता येईल असा असावा. 'जुन्या फोटोशी ताडले / जुना फोटो उपलब्ध नव्हता' ही एक ओळ प्रत्येक छातीच्या रिपोर्टात असावी. केंद्राच्या शंभर फोटोंतले पाच कुणी दुसऱ्याने, पहिले मत न पाहता, वाचावेत, जसे थुंकीच्या काचांचे होते. क्षयाच्या कार्यक्रमासाठी ज्या खासगी केंद्रांकडून सरकार फोटो काढून घेते, तिथून तरी हे सुरू करता येईल. पैसे देणाऱ्याला अट घालता येते, त्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

दरम्यान नजर बदलते आहे. हाताच्या नजरेऐवजी संगणकाने छातीचा फोटो वाचणे प्रौढांच्या क्षयतपासणीत चालेल, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये म्हटले. डिसेंबर २०२४ ला देशभर सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षय मोहिमेत हातात धरायची एक्स-रे यंत्रे वस्त्यांत फिरली. इथे नऊ इंची भिंत नाही, अंतर हेच संरक्षण. आणि निकाल म्हणजे वाक्य नसून आकडा. तो आकडा कितीच्या वर गेला की माणसाला पुढच्या तपासणीला पाठवायचे, ही रेषा ज्या-त्या ठिकाणच्या लोकांत तपासून आखावी, असेही संघटना सांगते. म्हणजे बरे झालेल्या जुन्या क्षयाचे वण घेऊन फिरणारी माणसे जिथे पुष्कळ आहेत तिथे रेषा वेगळी लागेल. ही रेषा भिवंडीसाठी कुणी आखायची, कोणत्या फोटोंवर, आणि ती बरोबर आहे हे दोन वर्षांनी पुन्हा कोण तपासायचे, हे संहितेत बसवावे लागेल. किलोव्होल्टचा फरक पाचपर्यंत चालतो हे जितके स्पष्ट लिहिले आहे तितके स्पष्ट.

मामांचे दोन्ही फोटो आता माझ्याकडे आहेत. जुना पिवळसर पडला आहे, कडेला पेनने तारीख आणि डॉक्टरांच्या हाताने काढलेला बाण आहे, डागाकडे दाखवणारा. नव्याच्या कोपऱ्यात संगणकाने छापलेले नाव, वय, वेळ सगळे आहे, सेकंदासकट. बाण नाही.